अठरा वर्षांच्या पोरांकडून वसुली नको : रटगर्सच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार.

हे पत्र न्यू जर्सीतल्या एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, प्लेन्सबरो या पट्ट्यात राहणाऱ्या आणि हिवाळा लागला की रटगर्स या इथल्या सरकारी विद्यापीठाच्या बास्केटबॉलपायी घसा बसवून घेणाऱ्या आपल्या सगळ्यांना आहे. कुणाची पोरं तिथे शिकतात, कुणी स्वतः तिथून मास्टर्स केलंय, कुणी नुसतेच शेजारी म्हणून जीव लावून बसलेत. मराठी विश्व या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात झब्ब्यावर लाल टोपी घालून येणारे काकाही यातच आले. ग्रुपवर लिहिलं असतं तर दहा मिनिटांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली वाहून गेलं असतं, म्हणून उघड पत्र लिहिते आहे.

नवा मोसम सुरू होतोय. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. म्हणजे यंदा पहिल्या वर्षाच्या पोरांच्या नावापुढे आकडे आणखी मोठे दिसणार, आणि २०२४ मध्ये पहिल्या वर्षाला आलेल्या, मोठ्या रकमांची चर्चा झालेल्या डिलन हार्पर व एस बेली या दोन खेळाडूंच्या वाट्याला आपण जे आणलं तेच पुढच्या पोरांच्याही वाट्याला येणार. ते होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुरुवात माझ्यापासून करते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये माझ्या मुलाचा फोन आला. तोही रटगर्सचाच, पहिलं वर्ष, इंजिनिअरिंग. कॅल्क्युलसच्या मिडटर्ममध्ये शंभरपैकी एक्केचाळीस. शाळेत कधी नव्वदच्या खाली न आलेला मुलगा. आवाज इतका बारीक, की मी आधी विचारलं, "बरं नाहीये का तुला?" त्या संध्याकाळी भाजी-पोळीचा डबा घेऊन मी त्याच्या हॉस्टेलवर गेले. पार्किंगमध्ये गाडीतच बसून त्याने अर्धा डबा संपवला आणि मी म्हटलं, "अरे, पहिलं सेमिस्टर आहे. नवीन जागा, नवीन शिकवणं. होतं असं. दुसऱ्या परीक्षेला बघू." तो रडला थोडा. मग हात पुसून निघून गेला.

२४ नोव्हेंबर, रविवार. जॉर्जियातल्या केनेसॉ स्टेट नावाच्या, बास्केटबॉलमध्ये फारसं नाव नसलेल्या विद्यापीठाने रटगर्सला ७९–७७ असं हरवलं. सामना मी पाहिलासुद्धा नव्हता. फोनवर स्कोअर दिसला आणि ग्रुपवर टाकलं: "एवढे पैसे घेऊन केनेसॉपुढे हरतात? परत करायला सांगा." चौदा जणांनी अंगठे दिले. त्याच आठवड्यात थँक्सगिव्हिंगला मुलगा घरी आला. मी पोळ्या लाटत होते, फोन ओट्यावर उघडा होता. त्याने वाचलं आणि एवढंच म्हणाला, "आई, बेली माझ्यापेक्षा महिन्याने लहान आहे."

खरंच आहे ते. माझा मुलगा जुलै २००६ चा, बेली ऑगस्ट २००६ चा. एकाच हिवाळ्यात, लिव्हिंग्स्टन आणि बुश कॅम्पसमधल्या त्याच बसेसच्या रस्त्यावर, एकाच वयाची दोन मुलं. एकाला मी "होतं असं" म्हटलं आणि दुसऱ्याकडे परतफेड मागितली. त्या पोळीचा वास आला की अजून ते वाक्य आठवतं मला.

आता तुमच्यातले काही म्हणतील, तुझ्या मुलाला कुणी लाखो डॉलर दिले होते का? हाच तर सगळ्यांचा मुद्दा आहे, आणि तो मी नीट ऐकला आहे. पैसे घेतले की मोठ्यांसारखं वागवून घ्यायची तयारी हवी, असं आपण धरून चाललोय. पण पैसे कशाचे दिले जातात हे आपण पाहतच नाही.

थोडं मागे जाऊ. २०१९ च्या २० फेब्रुवारीला ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना सामना होता. बराक ओबामा कोर्टाजवळ बसलेले. सामना सुरू होऊन ३६ सेकंद झाले आणि ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट खेळता खेळता फाटला. तळवा सुटून पाय बाहेर आला, गुडघा दुखावला. तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. त्याला बघायला लोकांनी हजारो डॉलरची तिकिटं काढली होती, त्याच्या पायातल्या बुटाची जगभर चर्चा झाली, आणि नियमाप्रमाणे त्याला स्कॉलरशिप सोडून एक डॉलरही घेता येत नव्हता. कॉलेज बास्केटबॉलच्या, दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१६ मध्ये वाढवला गेला तेव्हा त्याची रक्कम ८.८ अब्ज डॉलर होती, २०३२ पर्यंतची. तेव्हा "एवढे पैसे घेऊन?" असं कुणी टीव्ही कंपन्यांना किंवा संघटनेला विचारल्याचं मला आठवत नाही.

मग २१ जून २०२१ ला अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या विरोधात निकाल दिला. १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा, ओळख वापरून कमवायची मुभा मिळाली. त्यालाच आपण एनआयएल म्हणतो. पुढे ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी याच संघटनेवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली, आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी साधारण २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत खेळाडूंमध्ये वाटता येतील असं ठरलं. ही रक्कम सगळ्या खेळांची मिळून आहे आणि तिचा मोठा वाटा फुटबॉलकडे जातो. बाहेरच्या जाहिराती आणि देणगीदारांचे पैसे वेगळे. युटामधल्या बीवाययूला गेलेल्या ए. जे. डिबान्ट्साच्या बाबतीत वर्तमानपत्रांत सात दशलक्ष डॉलरपर्यंतचे आकडे आले. रुपयांत धरले तर साठ कोटींच्या आसपास. डोळे फिरतात, मी नाही म्हणत नाही.

पण या पैशात विजेतेपदाची हमी कुठे लिहिलेली असते? तो मुलगा आल्यामुळे तिकिटं खपतात, टीव्हीवर सामने येतात, देणगीदार फोन उचलतात, पुढच्या वर्षी दुसरी चांगली मुलं यायला तयार होतात. बाजाराने हे सगळं मोजून भाव ठरवलेला आहे. हार्पर आणि बेली येणार म्हटल्यावर आपल्या संघाचं नाव मोसमाआधी एपी वृत्तसंस्था देशातल्या पंचवीस संघांची यादी काढते, तिच्यात पंचविसावं आलं. आठ हजार खुर्च्यांच्या आपल्या अरीनात, ज्याला आपण अजून रॅकच म्हणतो, पाय ठेवायला जागा नव्हती. तिकिटासाठी मीही ओळखीपाळखी काढल्या. जे द्यायचं कबूल होतं त्यातलं बरंचसं त्या पोरांनी पहिली बास्केट टाकायच्या आधीच दिलेलं होतं.

आणि ग्रुपवर जे आकडे फिरले ते कुणी पाहिले होते? खेळाडूचा करार त्याच्याकडे आणि देणाऱ्याकडे असतो. एक काका दोन दशलक्ष म्हणाले, दुसऱ्याने चार केले, संक्रांतीपर्यंत सहा झाले. ऐकीव आकड्यावर आपण एका मुलाचं मोजमाप करत होतो.

मध्येच एक सांगते, कारण आपल्याला हे लगेच कळेल. कोर्टावरचं प्रत्येक पोर श्रीमंत झालंय असं नाही. परदेशातून एफ-वन या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या खेळाडूला अमेरिकेत बसून अशी कमाई करणं जवळपास बंदच असतं. आपण सगळे त्या व्हिसातून गेलोय, आठवड्याला वीस तास कॅम्पसवरचं काम, त्यापलीकडे हात बांधलेले. कॅनडाचा झॅक ईडी पर्ड्यूकडून खेळताना सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी सहकाऱ्यांसारख्या जाहिराती त्याला इथे करता येत नव्हत्या. आणि ज्यांना मिळतात त्यांच्याही हातात टेन-नाइन्टी-नाइन, म्हणजे कर न कापता दिलेल्या पैशांचा फॉर्म, येतो, कर त्यांनीच भरायचा असतो. अठराव्या वर्षी मला बँकेची स्लिप भरता येत नव्हती.

आता खेळाकडे येते, कारण आपला राग खेळावरच होता असं आपण म्हणतो.

पैशामुळे ही मुलं आळशी झाली, पूर्वी पोरं जीव तोडून खेळायची, हे मी ग्रुपवर किमान दहा वेळा वाचलं. तर २०१६-१७ मध्ये मार्केल फुल्ट्झ वॉशिंग्टन विद्यापीठात पहिल्या वर्षाला होता. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. त्याचा संघ त्या मोसमात ९ जिंकला आणि २२ हरला. त्याच्या आदल्या वर्षी एलएसयूमध्ये बेन सिमन्स होता, तोही पुढे पहिला निवडला गेला, आणि एलएसयूला राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. अँथनी एडवर्ड्सचं जॉर्जिया विद्यापीठ १६ जिंकून १६ हरलं. या तिघांना एनआयएलचा एक डॉलर मिळालेला नव्हता. म्हणजे एक-दोन अचाट पोरं आणि भोवती न जमलेला संघ, ही गोष्ट पैशाच्या आधीपासूनची आहे. आपल्याकडे ती घडली तेव्हा आपल्या हातात पैशाचं कारण आयतं आलं, एवढंच.

पहिल्या वर्षाच्या पोरांच्या जोरावर विजेतेपद मिळालंच नाही असं नाही. २०१२ ला केंटकी, २०१५ ला ड्यूक. पण त्यानंतर चित्र बदललं. कोविडमुळे खेळाडूंना एक वर्ष जादा मिळालं, संघ बदलणं सोपं झालं, आणि अठरा वर्षांच्या मुलासमोर तेवीस-चोवीस वर्षांचे पुरुष उभे राहू लागले. एप्रिल २०२५ मध्ये सॅन अँटोनियोत फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५–६३ असं हरवून करंडक घेतला. त्या संघाचा कणा म्हणजे वॉल्टर क्लेटन ज्युनिअर, अलिजा मार्टिन, विल रिचर्ड. तिघेही शेवटच्या वर्षाचे, तिघेही दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले. त्याच्या आदल्या वर्षी यूकॉन जिंकलं तेव्हा त्यांच्यात कॅम स्पेन्सर होता. आठवतोय ना? त्याआधी एक वर्ष तो आपल्याच लाल जर्सीत होता.

आणि अँथनी डेव्हिसची अंतिम लढत बघा. २०१२, केंटकीचा पहिल्या वर्षाचा खेळाडू, राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. दहा वेळा बास्केटकडे चेंडू टाकला, एकदा आत गेला. सहा गुण. पण सोळा रिबाउंड, म्हणजे चुकलेले चेंडू पकडले, आणि सहा ब्लॉक, म्हणजे समोरच्यांचे फटके अडवले. सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला, कारण बघणाऱ्यांनी खेळ पाहिला. आपल्या ग्रुपवर मध्यंतरालाच त्याचा निकाल लागला असता: दहात एक, आणि भाव बघा.

आपल्या हार्पर-बेलीचं काय झालं तेही तारीखवार आठवून बघू या. केनेसॉचा पराभव रविवारी. मंगळवारी लास व्हेगासला हार्परने नोटर डेमविरुद्ध ३६ गुण केले आणि आपण जादा वेळेत एका गुणाने जिंकलो. बुधवारी अलाबामाविरुद्ध ३७. १४ डिसेंबरला सीटन हॉलविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याने थ्री-पॉइंटर टाकला, ६६–६३. मी तिथे होते. चेंडू हवेत असताना आठ हजार लोक गप्प झाले, आणि जाळी हलली तेव्हा पुढच्या रांगेतल्या अनोळखी आजींनी मला मिठी मारली. त्यांच्या चष्म्याची एक काडी माझ्या शालीत अडकली होती, ती सोडवेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो. त्या रात्री ग्रुपवर हार्पर देव होता. बरोब्बर सात दिवसांनी नूअर्कला प्रिन्स्टनने आपल्याला ८३–८२ हरवलं. एका गुणाने. त्या रात्री ग्रुपवर जे लिहिलं गेलं ते इथे पुन्हा लिहिणार नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना आठवत असेल.

जानेवारीत फ्लूने आणि मग मुरगळलेल्या घोट्याने हार्परला गाठलं. "पैसे घेतलेत ना, मग खेळ म्हणावं." हेही आपल्यातलंच. २ जानेवारीला इंडियानात बेलीने ३९ गुण केले, आपण दहाने हरलो, आणि सगळी चर्चा "स्वतःपुरतंच खेळतो" इथे येऊन थांबली. मोसम संपला तेव्हा हार्परची सरासरी सामन्याला १९ च्या वर, बेलीची १७ च्या वर. संघ १५ जिंकला, १७ हरला. आपल्या गटाच्या, म्हणजे बिग टेनच्या, स्पर्धेत यूएससीने दुहेरी जादा वेळेत बाहेर काढलं आणि संपलं. जूनच्या ड्राफ्टमध्ये हार्पर दुसरा निवडला गेला, बेली पाचवा.

खेळात उणिवा होत्या, मी कुठे नाही म्हणते? बेली कठीण फटके निवडायचा. डिफेन्समध्ये दोघेही चुकायचे. पण आपला संघ वर्षानुवर्षं ज्या डिफेन्सच्या जोरावर उभा होता तोच त्या वर्षी ढासळला, आणि तो पाच जणांनी मिळून करायचा असतो. अर्ध्याहून जास्त चेहरे नवे, कुणी शाळेतून, कुणी दुसऱ्या कॉलेजातून. सुगरण असली तरी परक्या ओट्यावर पहिल्या दिवशी मीठ शोधावं लागतं.

आता जे मला सगळ्यांत आतून बोचतं ते सांगते. डिलनचा मोठा भाऊ, रॉन हार्पर ज्युनिअर, आपला किती लाडका. ९ डिसेंबर २०२१, पर्ड्यू देशात पहिल्या क्रमांकावर, घड्याळ संपता संपता त्याने अर्ध्या कोर्टाजवळून चेंडू फेकला, ७०–६८. पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवण्याची आपल्या विद्यापीठाची ती पहिलीच वेळ. आजही ती चित्रफीत कुणी टाकली की आपण सगळे कामं सोडून बघतो.

हाच रॉन २०१८-१९ मध्ये पहिल्या वर्षाला होता. तेव्हा त्याची सरासरी आठ गुणांच्याही आत होती. संघ किती जिंकला होता? १४. किती हरला? १७. धाकट्याच्या वर्षी १५ आणि १७. मोठ्याच्या पहिल्या वर्षी कुणी शिवी दिली नाही, "पोरगं शिकतंय" म्हणालो. त्याला आपण चार वर्षं दिली आणि चौथ्या वर्षी त्याने आपल्याला पर्ड्यूची रात्र दिली. धाकट्याला आपण चार आठवडेही दिले नाहीत. दोघांच्या वेळी आपली भूक तीच होती, मधल्या काळात फक्त आकडा आला.

भूक मी समजू शकते. १९७६ मध्ये आपला संघ ३१ सामने सलग जिंकून अंतिम चारांत गेला होता. इथली जुनी माणसं ते अजून काल घडल्यासारखं सांगतात. आणि मग १९९१ नंतर थेट २०२१ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेचं तोंड दिसलं नाही. तीस वर्षं. २०२० ला जायची वेळ आली तर कोविडने स्पर्धाच रद्द झाली. इतक्या वर्षांची उपासमार असलेल्या घरात दोन पक्वान्नं आली की हात भाजेपर्यंत घाई होते. पण ती तीस वर्षं त्या दोन मुलांनी केलेली नव्हती. ती जन्मली २००६ मध्ये.

"एका वर्षात निघून गेले, आपल्याला पायरी म्हणून वापरलं" असंही म्हटलं गेलं. एनबीएने २००५ च्या करारात नियम केला की शाळा संपल्यावर निदान एक वर्ष जायला हवं आणि वय एकोणीस असायला हवं. नियम नसता तर ही मुलं कदाचित आपल्याकडे फिरकलीच नसती. हार्पर तर इथलाच, रॅम्सीच्या शाळेतला. देशातलं कुठलंही विद्यापीठ त्याला दारात उभं राहून घेऊन गेलं असतं. तो घरी राहिला.

जुगाराबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण यात आपल्या राज्याचा हात आहे. खेळांवरचा सट्टा देशभर मोकळा झाला तो न्यू जर्सीने लढलेल्या खटल्यामुळे, मे २०१८ मध्ये. त्याच राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या कॉलेज संघांवर पैसे लावायला मात्र नकार दिला. मला त्या मतदानाचा अभिमान आहे. मीही नकाराच्या बाजूने होते. पण आपल्यातली तरुण मुलं नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात गेली की फोन काढतात, हे आपल्याला माहीत आहे. आपला संघ अमक्या फरकाने जिंकेल की नाही, यावर पैसे लावायचे आणि ते बुडाले की खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर जाऊन आईवरून लिहायचं. जानेवारी २०२३ मध्ये ओहायोतल्या डेटन विद्यापीठाचे प्रशिक्षक अँथनी ग्रँट सामन्यानंतर याच गोष्टीवर जाहीरपणे बोलले, आपल्या मुलांना पैसे लावणाऱ्यांकडून काय काय ऐकावं लागतं ते. पुढच्या वर्षी ओहायोने कॉलेज खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरचे डाव बंद केले. तुमच्या घरात कुणी असं करत असेल तर त्याला बसवून बोला. ग्रुपवरचं बोलणं फार तर आपल्यातच राहतं. तो संदेश मात्र रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत एका मुलाच्या फोनवर उजळतो.

मग अपेक्षा ठेवूच नयेत का, असं एका काकांनी मला फोनवर विचारलं. ठेवा ना. भरपूर ठेवा. सैल चेंडूमागे जमिनीवर उडी मारावी, बास्केट चुकली तरी धावत मागे यावं, बाकावर बसवलं तर चेहरा पाडू नये, सरावाला वेळेवर यावं, वर्गात जावं. हे प्रत्येक खेळाडूकडून मागायचा चाहत्याला हक्क आहे, पैसे मिळोत न मिळोत. मी स्वतः हे मागते आणि दिसलं नाही तर बोलते. पण चेंडू जाळीत जावाच, सामना जिंकावाच, तीस वर्षांचा दुष्काळ एका मार्चमध्ये फिटावाच, हे मागणं वेगळं. मेहनत त्याच्या हातात आहे, चेंडूचं जाळीत जाणं पूर्णपणे त्याच्या हातात नाही, हे आपण पोरांच्या परीक्षांच्या वेळी किती शहाणपणाने सांगतो.

आणि जाब विचारायचा असेल तर तो मोठ्यांना विचारा. संघ बांधतो कोण? पैसा दोघांवर किती, बाकीच्या दहांवर किती, हे ठरवतो कोण? उंच, अनुभवी मोठा खेळाडू का आणला नाही, डिफेन्स का ढासळला, हे प्रश्न प्रशिक्षकांचे आणि क्रीडा विभागाचे. रटगर्स सरकारी विद्यापीठ आहे, आपला कर त्यात जातो, आपल्या मुलांच्या फीमधला भाग त्या विभागाकडे जातो. तिथे सभा होतात, पत्रं लिहिता येतात, हिशेब मागता येतो. तिथे मी तुमच्या बरोबर सगळ्यांत पुढे उभी राहीन. पण आजवर आपल्या ग्रुपमधून क्रीडा विभागाला एकही पत्र गेलेलं नाही, आणि दोन पोरांबद्दलचे संदेश मी मोजले नाहीत.

आयपीएलच्या लिलावानंतर आपण हेच करतो, हेही मनात येतं. "इतक्या कोटींचा आणि इतक्याच धावा." ती भाषा आपण बॅगेत भरून इथे आणली आहे. तिथला खेळाडू निदान पूर्णवेळ व्यावसायिक असतो. इथल्याला सोमवारी सकाळी लेक्चर असतं.

माझ्या मुलाचं पुढे काय झालं असं काहींनी विचारलंय. दुसऱ्या मिडटर्मला अडुसष्ट. कोर्स बी ग्रेडवर निघाला. आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तोच विषय शिकवायला मदत करतो. त्याला वेळ मिळाला.

तर माझी मागणी साधी आहे. या मोसमात ग्रुपवर कुठल्याही खेळाडूच्या नावापुढे डॉलरचा आकडा लिहायचा नाही. हरलो तर खेळाबद्दल लिहा, खूप लिहा, रागाने लिहा: अमक्याने डावीकडून कुणाला सोडलं, फ्री थ्रो किती चुकले, शेवटचा टाइमआउट का घेतला नाही. मुलाच्या आईबापांपर्यंत जायचं नाही. हरल्यानंतर पहिला तास कुणी काहीच लिहायचं नाही, हा नियम मी ॲडमिनला सुचवला आहे आणि त्यांना तो पटला आहे. नोव्हेंबरमधला माझा संदेश मी पुसलेला नाही. वर जाऊन शोधलात तर सापडेल, त्याखाली माझी माफीही सापडेल.

पहिल्या घरच्या सामन्याला आम्ही तिघं जाणार आहोत. माझ्याकडे दोन तिकिटं जादा आहेत. मुलगा म्हणतोय की त्याच्या हॉस्टेलमधली पहिल्या वर्षाची दोन मराठी मुलं आहेत, एक नाशिकचा, एक मडगावचा, दोघांनी कधी सामना पाहिलेला नाही. आधी त्यांना विचारते. त्यांना जमलं नाही तर ग्रुपवर टाकीन. गाडी लिव्हिंग्स्टनच्या मोठ्या पार्किंगमध्ये सामन्याच्या दीड तास आधी असेल, डिकीत चहाचा थर्मास आणि वडे असतील.

तुमची,
एडिसनची एक आई